छातीतली किटली

रविवार, १९ सप्टेंबर १९७१

मटण करपलं! देवाच्या नावाने करपलं म्हणून ते काही गोड लागत नाही.

चूक माझी नाही. मटणाची मांडी ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून चॅपेलला गेले होते, नेहमीसारखी. शेवटचं गीत संपलं, पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर केला, आणि मागच्या बाकावरून आमच्या मॉर्लाइसने शेवटची ओळ पुन्हा उचलली. झालं! आमच्या हेर्मोन चॅपेलात एकाने ओळ उचलली की बाकीच्यांनी त्याला एकटं सोडायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण दहा आज्ञांपेक्षा जास्त पाळलं जातं. सगळे लागले ओळ घोळवायला — "दिवा विझला तरी, प्रभो, हात सोडू नको." दुसऱ्या खेपेला खालचे स्वर असे भरून आले की माझ्याही डोळ्यांत पाणी. तिसऱ्या खेपेला मला मटण आठवलं. चौथी खेप मी ओव्हनकडे तोंड करूनच गायले म्हणायचं. पाळकसाहेबांचा हात आपला हवेतच!

घरी आल्यावर मॉर्लाइस म्हणतो, "काय करू हान, आत्मा भरून आला."

मी म्हटलं, "आत्मा भरला, आता पोट कशाने भरणार?"

कोळसा खरवडून, वर पुदिन्याचा सॉस ओतून सगळं खाल्लंन. वर म्हणतो, आयुष्यभर कोळसा नाकाने खाल्ला, आता तोंडाने. जन्मभर खाणीत राबला. खाणीने छाती खाल्ली, आवाज तेवढा उष्टा ठेवला.

बुधवार, २२ सप्टेंबर

ब्रेडवाल्या पॉवेलचा इल्टिड आला होता लंडनहून. दाढी वाढवलीय. त्याची आई असती तर पावाच्या सुरीनेच काढली असती. आता तो मोठा संगीतकार. पेपरात फोटो येतो. पण स्वयंपाकघरात येऊन बसला तो जुन्याच खुर्चीवर, आणि विचारलं तेही जुनंच — "हाना मावशी, केक आहे का?"

बातमी अशी. त्याने गायकवृंद आणि वाद्यवृंद मिळून एक मोठी रचना केलीय. नाव 'दुसरी पाळी'. आमच्याच खाणीवर. लंडनची कंपनी तिची रेकॉर्ड काढणार. आणि इल्टिड अडून बसलाय की रेकॉर्डिंग हेर्मोनमध्येच व्हायला हवं, गायला आम्हीच हवेत.

मी म्हटलं, "अरे, लंडनला गाणारे नाहीत का?"

"आहेत. त्यांना सुरात गाता येतं, मावशी. मला तसं नकोय."

ही स्तुती की टिंगल, ते अजून कळलेलं नाही. मॉर्लाइस मात्र तेव्हापासून जमिनीवर नाही. लहानपणी इल्टिडला डो-रे-मी यानेच शिकवलं ना, चॅपेलच्या मागच्या खोलीत, रविवार शाळा झाल्यावर. "रेकॉर्डवर येणार मी," म्हणाला. "मेल्यावरसुद्धा तुझी सुटका नाही."

सोमवार, २७ सप्टेंबर

धुण्याचा दिवस. पाऊस. मॉर्लाइस कोळशाच्या खोपटात बसून इल्टिडचे स्वर घोकतोय. केनवेन शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "हाना, मांजर अडकलंय का गं कुठे?"

मी म्हटलं, "नाही, आधुनिक संगीत आहे."

रविवार, ३ ऑक्टोबर

पहिली पूर्ण तालीम. देवा, क्षमा कर. आज तुला ऐकू आलं नसेल तर बरंच.

सुरुवातीला वाटतं भांड्यांचं फडताळ जिन्यावरून सुटलं. इल्टिड म्हणतो, तो खाणीत उतरणारा पिंजरा. मग आम्ही बायकांनी तालाची वीस आवर्तनं नुसतं "ऊ" करायचं. का, तर तो वारा. मी आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. चॅपेलमध्ये आल्टोला नेहमी सरळ रेघेत चालायची सवय. इथे प्रत्येक स्वर दुसऱ्याच्या पायावर पाय देतो. गायकवृंद चालवणारा आमचा पेन्री घाम पुसत म्हणाला, "बायांनो, चुकलात तरी एकदम चुका."

पण शेवट! सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात — पाळी सुटल्यावर माणसं घरी जावीत तशी — आणि उरतं फक्त आमचं जुनं गीत. हेर्मोनचं. "दिवा विझला तरी." एकही वाद्य नाही, अगदी हळू, आणि मग नुसती शांतता. इल्टिड म्हणाला, ती शांतताही माझीच आहे, तीसुद्धा वाजवायची.

घरी दाराशी आल्यावर मॉर्लाइस म्हणाला, "पोराला आठवतंय."

बुधवार, ६ ऑक्टोबर

लंडनहून मिस्टर हार्कर आला, रेकॉर्डिंगवाला. लांबडा, कानांवर डबे लावलेला. वरच्या सज्जातून तारा सोडल्या, मायक्रोफोन टांगले — पुढे बायकांसमोर एक, पुरुषांसमोर एक. एक तर अगदी मागे, देवडीच्या दारावर. म्हणे इमारतीचा घुमारा पकडायला. आमेन एव्हान्स त्याला म्हणाले, "घुमारा आमचा आहे, त्याचे वेगळे पैसे लागतील." (पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आधीच आमेन म्हणतात म्हणून हे नाव. त्यांच्यासमोर कुणी म्हणत नाही.)

मग शेवटचं गीत गायलो. हळू. टाचणी पडली तरी ऐकू यावी असं. हार्करने मध्येच हात वर केला. कानांवरचे डबे दाबून म्हणाला, "माफ करा, कुठे किटली ठेवलीय का?"

सगळ्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. किटली गॅसवर नव्हतीच. केनवेन जाऊन बघून आली. "कोरडी ठणठणीत!"

पुन्हा गायलो. पुन्हा हार्करचा हात. "अजून ऐकू येतेय. शिट्टीसारखी."

मला तेव्हाच कळलं. रोज रात्री उशाशी ऐकते ती. मॉर्लाइस श्वास आत घेतो तेव्हा छातीतून येते.

पेन्रीलाही कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन कागद चाळायला लागला. मॉर्लाइस तेवढा इकडेतिकडे बघत होता, किटली शोधत.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

पेन्री आला, मॉर्लाइस पोस्टात गेल्याचं बघून. टोपी हातात घेऊन उभा.

"हाना, तो मायक्रोफोन मेला सगळं ऐकतो."

"देवही ऐकतो. त्याने कधी तक्रार केली नाही."

"हार्कर म्हणतो, शेवटच्या गीतात... इल्टिडला काही सांगितलं नाही मी. त्याला कळलं तर तो मॉर्लाइसला काढू देणार नाही, आणि मग कंपनी रेकॉर्ड काढणार नाही. तू सांग ना त्याला. बायकोने सांगितलेलं माणसाला कमी लागतं."

हे याला कुणी शिकवलं कोण जाणे! अविवाहित आहे.

मी म्हटलं, सांगते. केक दिला नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

सांगितलं नाही. मासे आणले होते, गरम होते.

रविवार, १० ऑक्टोबर

रविवारी कसं सांगायचं?

आज चॅपेलात प्रार्थनेच्या वेळी देवाला म्हटलं, एक तर त्याची छाती मोकळी कर, नाहीतर त्या हार्करचे कान बंद कर. दोन्ही तुझ्या हातातलं. दुसरं स्वस्तात होईल.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

सांगितलं. म्हणजे सांगायला गेले.

बूट पुसत बसला होता, रेकॉर्डिंगच्या दिवसासाठी. अकरा दिवस आधी! रेकॉर्डवर कुणाला बूट दिसणार? हेच बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं, "पेन्री आला होता."

"माझ्याकडेही आला होता," म्हणाला. बूट पुसणं चालूच. "गेल्या बुधवारी, तालमीनंतर. बागेत. तासभर माझ्या लीक-कांद्यांच्या वाफ्यापाशी उभा. खत कुठलं, माती कधी चढवलीस, पांढरा दांडा एवढा लांब कसा. पेन्रीने माझ्या लीकची स्तुती केली, हान! ज्या माणसाने तीन वर्षं प्रदर्शनात मी लबाडी करतो म्हणून गावभर सांगितलं, त्याने! तेव्हाच म्हटलं, कुणीतरी मेलंय, नाहीतर मीच मरतोय."

मी खाली बसले.

"किटली मीच ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बायबलवर हात न ठेवताही मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. कोळशाच्या भावाबद्दल सोडून.

दुसरा बूट घेतला, तोही पुसला. मग म्हणाला, "पुसले आहेत तर घालीन. दाराबाहेर उभा राहीन. पोरं-कुत्री आवाज करतात, कुणीतरी हाकलायला हवं."

बुधवार, १३ ऑक्टोबर

आज कोळशाच्या खोपटातून आवाज आला नाही. केनवेनने विचारलं, मांजर सुटलं का. मी तिच्यावर ओरडले. संध्याकाळी जाऊन माफी मागितली, तर म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. म्हणूनच विचारलं. तू कुणावर तरी ओरडायला हवी होतीस."

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

उद्या! सगळ्या बायका आज हेर्मोनच्या मागच्या खोलीत. वाद्यवाल्यांच्या दोन बसगाड्या येणार कार्डिफहून. त्यांना चहा, सॅन्डविच, मनुकांचा ब्रेड. मी हिशेब धरून मार्जरीन लावत होते आणि वरून लोण्याचा नुसता हात. केनवेन म्हणाली, "हाना, हे पाप आहे." मी म्हटलं, "व्हायोलिन वाजवणाऱ्याला काय कळतंय?" चाकू पुढे केला तर तिने लोण्याचं अख्खं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "जगात एकदाच रेकॉर्ड निघतेय. लाव!"

लावलं. हिशेब सोडून लावलं.

तिकडे मोठ्या आसनाचा वेगळाच तमाशा. वडीलमंडळी बसतात ते आसन, पुलपिटाच्या, उपदेशाच्या मंचाच्या, पायथ्याशी. तिथे उद्या मोठी तंतुवाद्यं उभी राहणार. आमेन एव्हान्स म्हणाले, "माझ्या जागी कोण बसणार?" हार्कर म्हणाला, "डबल बास." एव्हान्स म्हणाले, "त्याचं चॅपेल कुठलं?"

चॅपेलचं घड्याळही थांबवलं. टिकटिक नको. आता भिंतीवर नुसतं लटकलंय, उपदेश विसरलेल्या पाळकासारखं.

शनिवार, २३ ऑक्टोबर

हात दुखतोय, पण आज लिहायलाच हवं.

सकाळी मॉर्लाइस निघाला. काळा कोट, ते बूट. मी गळ्याला मफलर दोनदा गुंडाळला. म्हणाला, "फास लावतेस की काय?" देवडीत उभा राहिला, काचेच्या दाराबाहेर. आम्ही सज्जात, पुलपिटाच्या वर, तोंड बरोबर दाराकडे. मला काचेतून त्याची टोपी दिसत होती.

दिवसभर तुकड्यातुकड्याने चाललं. पिंजरा उतरला, वारा सुटला. पँट घातलेल्या एका बाईने शिंग फुंकलं. इतकं सुरेख की तिची पँट मी माफ केली. फडताळ जिन्यावरून एकूण पाच वेळा पडलं. आता मला ते थोडं आवडायला लागलंय, हे इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.

शेवटचं गीत शेवटी. इल्टिड मध्ये उभा, दाढीला घाम. म्हणाला, "गीत संपलं की कुणी हलायचं नाही. भिंतीवरचा लाल दिवा विझेपर्यंत श्वाससुद्धा नाही."

पहिली खेप. गायलो. संपलं. शांतता — अशी शांतता की अंगावर काटा. आणि त्या शांततेत, खालून, स्वच्छ आवाजात: "आमेन!"

एव्हान्स! बिचाऱ्यांना स्वतःला कळायच्या आधी तोंडातून गेलं. हार्करने कानांवरचे डबे काढून मांडीवर ठेवले.

दुसरी खेप. शांततेच्या ऐन मध्यात खाणीचा भोंगा. इल्टिड हसला. "हे तर मी लिहायला हवं होतं," म्हणाला. पण हार्करने मान हलवली.

आता वेळ उरला नव्हता. वाद्यवाल्यांचा करार सहाचा, त्यांच्या युनियनचा. एकच खेप. हार्करने बोट वर केलं. लाल दिवा लागला.

गायलो. कसे गायलो ते मला लिहिता येणार नाही. मॅट्रिकपर्यंत हे शिकवत नाहीत. पुरुषांकडे मॉर्लाइसच्या जागी भोक होतं, तरीही सगळं भरून आलं. शेवटचा स्वर विरला. सज्जात कुणी पापणी हलवत नव्हतं. इल्टिडचे हात हवेत. लाल दिवा जळत होता.

आणि दाराबाहेरून शिट्टी आली. बारीक. किटलीची.

मला कळलं आता काय होणार. तो श्वास घेत होता.

"दिवा विझला तरी —"

दार किलकिलं झालं होतं. काचेत टोपी नव्हती, त्याने ती काढून हातात धरली होती. डोळे मिटलेले. त्याला ना रेकॉर्ड आठवत होती, ना हार्कर. रविवारी आत्मा भरून येतो तसा भरून आला, बस! साठ वाद्यवाले, लाल दिवा, आणि हा एकटा — "प्रभो —"

त्याचा श्वास कुठे संपतो ते मला पाठ आहे. मी रात्रभर मोजते तो. 'प्रभो'च्या पलीकडे तो जाणार नाही. ओळीच्या मध्यात बुडेल आणि सगळं जग रेकॉर्डवर ऐकेल, एक म्हातारा बुडताना. मी विचार केला नाही. तोंड उघडलं आणि "हात सोडू नको" एकटीने उचललं — आल्टो! पुरुषांची, टेनरची ओळ!

पुढच्या क्षणी केनवेन आली. मग पेन्री — आणि पेन्री रडत होता. मग सगळे. कुणाला थांबवणार? हेर्मोनमध्ये एकट्याला सोडत नाहीत. दुसऱ्या खेपेला ती पँटवाली शिंग घेऊन सुरात आली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला तंतुवाद्यं. एव्हान्स आपल्या आसनाला पाठ लावून उभे आणि ओरडत होते.

मग थांबलं. लाल दिवा विझला. हार्कर म्हणाला, "सहा वाजले."

इल्टिडने तोंड हातांत झाकलं होतं. हसतोय की रडतोय, सज्जातून दिसत नव्हतं. मॉर्लाइस देवडीतून केव्हाच घरी निघून गेला होता.

रविवार, २४ ऑक्टोबर

चॅपेलला आला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, छाती भरलीय. थंडीत दिवसभर उभं राहिल्यावर भरणारच. पण ते नव्हतं.

"मी पोराची रेकॉर्ड घालवली, हान."

"घालवलीस," मी म्हटलं. "आणि मी मदत केली. मी उचललं नसतं तर 'प्रभो'वरच बुडाला असतास, आणि मग खरी घालवली असती."

माझ्याकडे नुसतं पाहिलंन. "हो, हो," म्हणाला.

सगळ्या बायका मला तेच म्हणाल्या. हाना, तू होतीस म्हणून. मी आपली नम्रपणे मान खाली घालते. जमेल तितकी.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

इल्टिडचं पत्र. कंपनी म्हणते, गीत जिथे खरं संपलं तिथे टेप कात्रीने कापायची. सोपं आहे. घोळवलेलं सगळं बाद. आधुनिक संगीताची रेकॉर्ड आहे, रविवारची प्रार्थना नव्हे. तसंच ठेवलं तर लंडनचे जाणकार हसतील. इल्टिडचंही नक्की होत नाहीये. 'मावशी, माझी शांतता गेली,' लिहिलंय. 'ती शांतता लिहायला मला वर्ष लागलं होतं.'

मॉर्लाइसला वाचून दाखवलं. म्हणाला, "कापू दे." आणि कूस बदलली. हल्ली बराच वेळ पलंगावरच असतो.

पण पोस्टमनची सायकल वाजली की शिट्टी थांबते. श्वास रोखून ऐकतो, मेला.

मंगळवार, १४ डिसेंबर

कापत नाहीत!!

इल्टिड लिहितो: 'कात्री हार्करच्या हातात होती. मी म्हटलं, एकदा पुन्हा ऐकव. ऐकलं. मग म्हटलं, ठेव. हार्कर म्हणाला, ही चूक आहे. मी म्हटलं, चूक मला मॉर्लाइसकाकांनी शिकवली, डो-रे-मीच्या आधी. आणि शिवाय मावशी, कापलं असतं तर माझी आई थडग्यातून उठून माझा कान पिळायला आली असती.'

मॉर्लाइसने पत्र घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं. मग म्हणाला, "मी अर्धा स्वर खाली होतो."

मी म्हटलं, "म्हणूनच मला यावं लागलं. मी सावरलं म्हणून —"

"हो, हो."

गुरुवार, १७ फेब्रुवारी १९७२

रेकॉर्ड आली! आवरणावर खाणीचं चाक, कोपऱ्यात बारीक अक्षरांत आमच्या गायकवृंदाचं नाव. हेर्मोनचं नाव चुकीचं छापलंय. असो.

आमच्याकडे ग्रामोफोन नाही. मी कधी घेऊ दिला नाही. गातं माणूस घरात असताना यंत्रावर खर्च कशाला? म्हणून सगळे पाळकसाहेबांच्या घरी जमलो. मॉर्लाइसला घोंगडीत गुंडाळून केनवेनच्या गाडीतून नेलं. पिंजरा उतरला, वारा सुटला. बायका आपापलं "ऊ" ओळखून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. शेवटचं गीत आलं. संपलं. शांतता. सगळे खुर्च्यांच्या कडेवर —

आणि दिवे गेले!

रेकॉर्ड आपली हळू हळू होत रेड्यासारखी हंबरली आणि थांबली. खाणीचा संप ना! महिना झाला, देशभर कोळसा नाही, वीज पाळीपाळीने जाते. एव्हान्स काळोखातून म्हणाले, "आपलीच पोरं संपावर, आणि बुडाली आपलीच ओळ!" मॉर्लाइस इतका हसला की खोकत खोकत निळा पडला. घरी आणून पाठ चोळली. तेव्हापासून वरच्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, आता जिना नको. खाली कधी, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

रेकॉर्ड गावभर फिरतेय. सगळ्यांनी शेवट ऐकला, आम्ही दोघं सोडून. केनवेन सांगते, "तू काय जोरात आलीस गं हाना! कान फाटले." मी म्हटलं, यावंच लागलं, नाहीतर तो —

आता मलाच त्या वाक्याचा कंटाळा आलाय. पण खरं ते खरं.

बुधवार, १ मार्च १९७२

संत डेव्हिडचा दिवस, आज प्रत्येकाच्या कोटाला लीक. संप मिटला, वीज आली. पाळकसाहेबांनी ग्रामोफोन आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मॉर्लाइसच्या कोटाला, खुंटीवरच, मी लीकचं पान खोवलं. त्याच्याच वाफ्यातलं.

वर झोपला होता. मी आवाज बारीक करून, ग्रामोफोनच्या जाळीला कान लावून ऐकलं. शांतता. मग किटली, अगदी जवळून. देवडीच्या दारावरचा मायक्रोफोन. "दिवा विझला तरी, प्रभो —" आणि मग मी. अरे देवा, केवढ्याने!

आणि माझ्या आवाजाखाली, तो. थांबला नव्हताच. हात. सोडू. नको. शेवटच्या अक्षरापर्यंत, दोऱ्यासारखा बारीक, पण अखंड.

पुन्हा लावली. पुन्हा.

वर गेले. जागा होता.

"तू थांबला नव्हतास!"

"नाही."

"मग इतके महिने मी गावभर सांगत फिरले, बोलला का नाहीस?"

श्वास यायला वेळ लागला. शिट्टी वाजली. मग म्हणाला, "तू इतक्या जोरात आलीस, हान. मला वाटलं, तुझाच श्वास संपतोय. तुला एकटीला कसं सोडणार?"